आलिमाचा फॉर्म

जमील शेखनं फॉर्म उलटा केला, मागची कोरी बाजूही नीट पाहून घेतली आणि तो टेबलावर परत ठेवला. सही केली नाही.

समोर स्नेहल मॅडम बसल्या होत्या. अभ्यासात अडणाऱ्या मुलांसाठी त्या दर गुरुवारी नाशिकच्या या शाळेत यायच्या. जमीलची मुलगी आलिमा चौथीत होती आणि तिला अजून साधी जोडाक्षरंही वाचता येत नव्हती. तिला वाचायला का अडतं याची सरकारी दवाखान्यात तपासणी करून दाखला घ्यावा, म्हणजे परीक्षेत जास्त वेळ मिळेल, तोंडी उत्तरं देता येतील, असं मॅडमचं म्हणणं होतं. त्यासाठी पालकांची संमती हवी होती.

असा कागद जमीलनं आधी एकदा पाहिला होता. त्याच्या भावाच्या मुलाच्या शाळेनं असंच गोड बोलून सही घेतली आणि दोन महिन्यांनी सांगितलं, याला दुसरीकडे घाला. म्हणून आज त्यानं द्वारका चौकाजवळचं रिक्षाच्या सीटा शिवायचं दुकान बंद ठेवलं होतं आणि बायकोला, जहिदाला, न पाठवता तो स्वतः आला होता. काय तपासता ते आधी माझ्यासमोर दाखवा, असं त्यानं आल्या आल्याच सांगून टाकलं.

मॅडमनी शेजारी बसलेल्या आलिमापुढे पुस्तक ठेवलं. पहिल्याच ओळीवर तिचं बोट दोनदा पुढं गेलं, दोनदा मागं आलं.

"ठीक से बैठ," जमील म्हणाला.

ती ताठ बसली. वाचता मात्र आलं नाही. मग मॅडमनी तोच धडा मोठ्यानं वाचला आणि प्रश्न विचारले. आलिमानं सगळ्यांची उत्तरं दिली. एकही चुकलं नाही.

जमीलच्या कपाळाला आठी पडली. हे पाठ करून घेतलेलं आहे, तो म्हणाला. मॅडमनी वाद घातला नाही. पुस्तक त्याच्याकडे सरकवलं आणि म्हणाल्या, धडा तुम्ही निवडा, तुम्हीच वाचा, तुम्हीच विचारा.

त्यानं शेवटाकडून पानं उलटली आणि वर्गात अजून न झालेला एक धडा शोधला. तळ्यावरच्या पक्ष्यांचा. रेक्झिन चिकटवून चिकटवून कडक झालेलं बोट ओळीखाली धरून तो वाचू लागला. त्याची शाळा सातवीतच सुटली होती, त्यामुळं वाचन सावकाश चाललं होतं. तळं आलं, लव्हाळं आलं, मादीनं घरटं बांधलं, पिल्लं पाण्यात उतरली. धडा संपल्यावर त्यानं विचारलं, पिल्लांना पोहायला कोण शिकवतं?

"आई. पण अब्बू, अंडी कधी घातली?"

"काय?"

"घरटं बांधलं आणि लगेच पिल्लं पोहायला लागली. मधलं काहीतरी राहिलं."

जमीलनं पानावर पाहिलं. एक ओळ सुटली होती. अख्खी. त्यानं ती मनातल्या मनात वाचली, मुलीकडे पाहिलं, पुन्हा ओळीकडे पाहिलं.

तरी त्याची शंका गेली नाही. शंकेनं फक्त जागा बदलली. पोरगी एवढी हुशार आहे तर तपासणी कशाला? मॅडमनी समजावलं, डोकं पळतंय, अक्षरं अडतायत, मदत तेवढ्यापुरतीच. मग तिला या शाळेतून काढणार नाही असं लिहून द्या, तो म्हणाला. मॅडमनी लिहून दिलं. त्यानं शब्द न् शब्द वाचला. 'शक्यतो' हा एक शब्द खोडायला लावला. मग मुख्याध्यापकांची सही मागितली, सही आल्यावर शिक्का मागितला. शिक्क्याची शाई वाळेपर्यंत तो थांबला आणि मगच त्यानं कागदाची घडी करून वरच्या खिशात ठेवली.

आता ते फॉर्म भरायला बसले. जन्म कधीचा, चालायला कधी लागली, बोलायला कधी लागली. जमीलला सगळं आठवत होतं. दहाव्या महिन्यातच चालली, दुकानातल्या मशिनचं पायडल धरून उभी राहायची, हे तर त्याला कुणी विचारलंही नव्हतं. सांगताना त्याचा आवाज जरा सैल झाला.

मॅडमनी पुढचा रकाना वाचला. मुलीला घरी कोणत्या नावानं हाक मारतात?

"आलिमा," तो म्हणाला. नाव त्यानंच ठेवलं होतं. आलिमा म्हणजे खूप शिकलेली बाई, असं त्यानं मॅडमना समजावूनही सांगितलं.

"आलिमा मला शाळेत म्हणतात," मुलगी म्हणाली.

मॅडमचं पेन थांबलं. "मग घरी?"

"बुद्धू."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. विचारलं म्हणून तिनं सांगितलं होतं.

"सगळेच म्हणतात. अब्बू पण."

लाडानं म्हणतो, असं काहीतरी जमीलच्या ओठांवर आलं. पण मुलगी त्याच्याकडे बघत होती आणि तिच्यासमोर ते त्याला म्हणता येईना.

"आलिमाच लिहा, मॅडम. आजपासून घरी पण तेच."

त्यानं फॉर्म स्वतःकडे ओढला, खाली सही केली आणि परत दिला. मॅडमनी त्या रकान्यावर पेन टेकवलं.

आलिमा खुर्चीतून पुढं वाकली. बापाकडे न बघता हळूच म्हणाली,

"मॅडम, पेन्सिलनं लिहा."