कानसेनचं मत

“दादा, आकाशच्या अल्बमवरचा तो लेख काढून टाका.” शर्मिलानं टाइप केलं, एकदा वाचलं आणि पाठवून दिलं.

डब्याची सुटी होती. शाळेच्या ऑफिसातल्या बाकीच्या बायका जेवायला बसल्या होत्या. तिचा डबा बंदच होता. नवीन अकाउंटवर तिनं स्वतःचं नाव दिलं नव्हतं, नुसतं ‘श्रोता’ लिहिलं होतं. आई मध्ये पडली हे आकाशला कळलं असतं, तर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.

नोकरी सोडून वर्षभर त्यानं खांदेश्वरच्या फ्लॅटमधल्या आपल्या छोट्या खोलीत गाणी बांधली, तिथंच रेकॉर्ड केली. अल्बम आला आणि मागोमाग हा लेख. लिहिणारा कुणी कानसेन. नव्या सिनेमांवर, अल्बमवर मत देणारं त्याचं पान होतं. फोटो नाही, पत्ता नाही.

‘आवाज उसना, शब्द त्याहून उसने,’ त्यानं लिहिलं होतं. ‘चौथ्या गाण्यात मागे कुकरची शिट्टी ऐकू येते. अख्ख्या अल्बममधला तेवढाच सूर खरा.’

शर्मिलानं ते गाणं कानाला लावून कितीदा तरी ऐकलं, तेव्हा कुठे शिट्टी सापडली. माणसाचे कान भलतेच तिखट होते.

तिनं त्याचे जुने लेखही वाचले. एका पडेल सिनेमातल्या म्हाताऱ्या नटीवर त्यानं किती मायेनं लिहिलं होतं. कुणा नवख्या पोरीच्या बेसूर गाण्यातही त्याला काहीतरी आवडलं होतं. मग माझ्याच लेकराशी याचं काय वैर, तिला कळेना.

आकाश आता जेवायलाही बाहेर येत नव्हता.

“ते वाचलंस का रे?” तिनं एकदा विचारलं होतं.

“वाचलं.”

“मग?”

“बरोबरच लिहिलंय.”

“अरे, एकाच माणसाचं मत ते. बाकीचे काय म्हणतात?”

“बाकीचे काहीच म्हणत नाहीत, आई.” एवढं बोलून त्यानं आतून कडी घातली.

 तिनं नवऱ्याला, बाजीरावांना सांगितलं. ते द्रोणागिरीच्या गोदामात सुपरवायझर होते, दमून आले होते.

“उगाच टेन्शन घेते तू. तरणं पोरगं हाय, निघंल दोन दिवसांत,” ते म्हणाले. पण रात्री उठून तेही त्या दाराला कान लावून उभे राहिले, हे तिनं पाहिलं.

तिच्या मेसेजला कानसेनचं उत्तर दुसऱ्या दिवशी, ती ऑफिसात असताना आलं. ‘लेखात खोटं काय आहे?’

‘नवीन मुलगा आहे. सांभाळून घ्या.’

‘सगळ्यांनी सांभाळूनच घेतलं, म्हणून तर तो इथवर वाहवत गेला. आता त्यानं थांबलेलं बरं.’

शर्मिलानं लगेच लिहिलं, ‘थांबलेलं म्हणजे?’

 एकच ओळ आली. ‘घरचे तरी सुटतील.’

ती तशीच उठली, साहेबांना न सांगता रिक्षा करून घरी आली. आकाश खोलीत होता. तिच्या हाकेला “हां” म्हणाला. ती दाराशीच बसून राहिली.

रविवारी मात्र हाकेला उत्तर आलं नाही. बाजीराव ड्यूटीवर होते, त्यांचा फोन लागत नव्हता. आत पंखा फिरत होता, तेवढाच आवाज.

“आकाश, बाळा, चहा तरी घे रे.” तिनं दार वाजवलं. मग थापा मारल्या. शेजारच्या मंजुषाताईंकडे धावली, पण त्यांच्या दाराला कुलूप होतं.  परत येऊन ती आकाशच्या दाराशी खाली बसली आणि कानसेनला लिहायला लागली.

‘मी श्रोता नाही. मी आकाशची आई. सकाळपासून पोरगं दार उघडत नाही. दादा, तुमच्यासारख्या माणसाचं एक चांगलं वाक्य आलं, तर तो उठेल. मला गाण्यातलं कळत नाही. तो गुणगुणत असला की माझं घर भरल्यासारखं वाटतं, एवढंच कळतं. वाटल्यास खोटं लिहा. मी तुमच्या पाया पडते.’

कानसेननं ते लगेच वाचलं. तो काहीतरी लिहायला लागला. थांबला. पुन्हा लिहायला लागला. शर्मिला स्क्रीनकडे बघत राहिली.

मग उत्तर आलं.

‘आई, दाराला टेकून बसली असशील तर जरा बाजूला हो. कडी काढतोय.’