किल्लीवाल्याची चिमूट

झाकण वाजलं नाही.

ती गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. काढत कसली, मघापासून एकाच टॉवेलची घडी घालत होती आणि उलगडत होती. कान सगळे स्वयंपाकघराकडे. ओट्यावर बटाट्याचा रस्सा तयार होता, शेजारीच मिठाचा डबा होता, आणि नवरा हात धुवायला आत गेला होता. नळ सुटला. नळ बंद झाला. आता झाकण वाजणार, म्हणून तिने श्वास रोखून धरला, तर नवरा हात पुसत सरळ बाहेर आला आणि टेबलाशी बसला.

अगं बाई, असं कसं झालं?

नवरा किल्लीवाला. बाजारात त्याची टपरी. लोकांची अडकलेली कुलपं असा अलगद उघडायचा की शेजारच्याला पत्ता लागू नये. पण घरच्या पातेल्याचं झाकण उचलायचं म्हटलं की ठण्ण! आणि वर समजूत काय, तर बायकोला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नाही. मीठ कमी करा, मीठ कमी करा, म्हणून डॉक्टरांनी घसा कोरडा केला होता. तेव्हापासून ती नावापुरतं मीठ घालायची आणि कपड्यांचं निमित्त काढून गॅलरीत जायची. तो आत शिरायचा आणि चिमूटभर टाकून यायचा. त्या चिमटीचा अंदाज धरूनच तिने आपला हात आखडलेला असायचा. सापही मरावा आणि काठीही मोडू नये. असा दोघांचा मिळून तो रस्सा व्हायचा, आणि नाव मात्र तिच्या हाताच्या चवीचं. धाकट्या नणंदेने एकदा विचारून विचारून तसाच करून पाहिला आणि फोनवर भांडली, "वहिनी, काहीतरी लपवलंस हं तू माझ्यापासून!"

आज दुपारी तो डॉक्टरांकडे जाऊन आला होता. एकटाच. "मी येते" म्हटलं तर म्हणाला, "वरात कशाला न्यायची?" आल्यावर विचारलं, तर "ठणठणीत!" एवढंच बोलून पेपर तोंडासमोर धरला. पायांवरची सूज काही पेपराआड लपत नव्हती. एरवी डॉक्टरांकडून आला की चिमूट जरा मोठीच पडायची, सूड उगवल्यासारखी.

"अहो," ती गॅलरीतूनच म्हणाली, "आतून पाणी आणता का?"

"पोरीने आणलंय."

"मग गॅस बंद केलाय का मी, ते बघा जरा."

"बंद आहे. बघूनच आलोय."

तिच्या हातातून चिमटा निसटून खाली गेला. जाऊ दे मेला. "आणि रस्सा? गरम आहे का, झाकण काढून बघा तरी!"

"आता वाढायचाच आहे की. ये तू, बस."

काय करणार? आली, वाढलं, बसली.

पहिला घास तोंडात गेला आणि मुलगी ओरडली, "आई, मीठ घातलंस का? अगदी अळणी आहे गं!" ती दिवसभर दुकानात उभी राहून आलेली, पोटात कावळे ओरडत होते. उठून मिठाचा डबाच घेऊन आली.

किल्लीवाला खाली मान घालून जेवत होता. "चांगला झालाय," तो म्हणाला. "उगाच नावं ठेवू नकोस."

चांगला झालाय! भात चिकट, बटाटा कच्चा, पोळी जाड, असं काही ना काही बोलल्याशिवाय ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही, तो हे म्हणतोय.

"तुम्ही घातलं नाहीत आज," ती म्हणाली.

"काय घातलं नाही?"

"मीठ. तुमची चिमूट धरूनच करते मी रोज."

त्याचा हात ताटातच थांबला. दुसऱ्याचं कुलूप उघडताना मालकाने पकडावं तसा त्याचा चेहरा झाला. "तुला माहीत होतं?"

"सगळ्या बिल्डिंगला माहीत असेल. केवढं वाजवता ते झाकण!"

मुलगी फस्सकन हसली. तोही हसला. तीही हसणार होती, पण तिला ते जमलं नाही.

"खरं सांगा. काय म्हणाले डॉक्टर?"

त्याने भाताचा घास केला, मोडला, पुन्हा केला. "किडनीचं काहीतरी आहे म्हणाले. जरा जास्तच आहे. उद्या तुला घेऊन यायला सांगितलंय." मग घाईघाईने, "तुला जेवणानंतर सांगणारच होतो. म्हटलं, जेवण तरी नीट होऊ दे."

मुलीने मिठाच्या डब्याचं झाकण हळूच लावलं. तिनेही मीठ घेतलं नाही. तसंच अळणी जेवू लागली.

तिच्या आईला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच. रडायचं की भांडायचं हे काही ठरेना. खुर्ची मागे सरकवली, पुढे घेतली, पदर सारखा केला. मग ती म्हणाली, "म्हणजे आता मला स्वयंपाक पहिल्यापासून शिकायला हवा."

"शिकशील गं," तो म्हणाला. "मी आहे ना चाखायला."

"राहा म्हणजे झालं," ती म्हणाली, आणि त्याने नको म्हणायच्या आत आणखी एक पळी अळणी रस्सा त्याच्या भातावर ओतला.