उलटे आटे

"वहिनी, तीस वर्षं हेच काम करतोय," म्हणत भानुदास मिस्त्री पान्यावर उभा राहिला. जुन्या जीपच्या डाव्या चाकाचा नट तसूभरही हलला नाही. पाना सटकून नटाचे कोपरे मात्र पार गोल झाले. या बाजूच्या नटांना उलटे आटे आहेत, ते उजवीकडे फिरवले की सुटतात, हे तो आल्या आल्याच वहिनींनी सांगितलं होतं.

त्याने डिझेल सोडलं, घण घातला, शेवटी लहान मापाचा पाना नटावर ठोकून बसवला. वहिनी टायरवर बसून शेंगा सोलत होत्या.

त्या टरफलं टाकायला वळल्या, तसा त्याने पाना उजवीकडे फिरवला. नट निमूट सुटला.

"फार जाम झाला होता हो," घाम पुसत तो म्हणाला.

"होतोच," वहिनी म्हणाल्या. "आमचे हे चाक काढायचे, तेव्हाही मी पाठ फिरवल्यावरच सुटायचा."