‘ब्रदर्स’मधली अक्षरं

दुपारी गल्ली पेंगत असताना थोरला स्टुलावर चढला आणि दुकानाच्या पाटीवरचं शेवटचं अक्षर पक्कडीने उपटायला लागला. त्याचं गणित सोपं होतं. कुलूप-किल्ल्यांच्या दुकानावर इंग्रजीत ‘ब्रदर्स’ होतं. एस काढला की ‘ब्रदर’, म्हणजे एकच भाऊ. कुणाच्या ध्यानातही यायचं नाही.

एस निघाला तो दोन तुकडे होऊनच.

“नुसतं ब्रदर?” खाली स्टूल धरून उभी असलेली लेक म्हणाली. “एकटाच असेल तर भाऊ कुणाचा, बाबा?”

थोरला वरमला. मग त्याने उरलेली सातही अक्षरं सांभाळून काढली आणि काउंटरवर पसरली. वडिलांनी पितळी पत्रा कापून, कानशीने घासघासून केलेली अक्षरं. भंगारात टाकणं जिवावर आलं. यातूनच एखादा छोटासा शब्द काढ, असं त्याने लेकीला सांगितलं, आणि बी मात्र हवाच, वडिलांनी सगळ्यात जास्त जीव बीवर ओतला होता. त्याला इंग्रजी अक्षरं ओळखता येत, पुढे गाडी अडायची. लेक शब्दकोड्यांत पटाईत.

लेकीने ‘हर्ब’ लावला. म्हणजे औषधी पाला. लोक काढा मागायला येतील, थोरला म्हणाला. ‘रोब’ म्हणजे झगा, त्यावर समोरचा शिंपी भांडायला उठेल. ‘बोअर’ तर नकोच, गिऱ्हाईक म्हणायचं खरं बोललात. बी नसला तरी ‘हीरो’ जमतोय म्हटल्यावर त्याला हसू आलं, पण ते ओठांवर टिकलं नाही. काउंटरच्या कोपऱ्यात धाकट्या भावाची किल्ली पडली होती.

दुकान आपल्या एकट्याचं करायचं म्हणून त्याने परवा धाकट्याला पत्ता लागू न देता शटरचं कुलूप बदललं होतं. काल सकाळी शिंप्याच्या दुकानात पडद्याआड बसून तो बघत होता. धाकट्याची किल्ली लागेना. तसं म्हटलं तर असलं कुलूप धाकट्याने एका तारेने बोलता बोलता उघडलं असतं. अडकलेल्या दारांसाठी लोक त्यालाच बोलवायचे. त्याने कुलूप तळहातावर घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि आवाज न करता सोडून दिलं. मग आपली किल्ली शटरखालून आत सरकवली आणि निघून गेला. पडद्याआड थोरल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. शिंप्याने शिवणयंत्रावरून मान वर केली नव्हती.

“हा बघा,” लेक म्हणाली. तिने बी, ओ, टी, एच अशी चार अक्षरं ओळीत लावली होती. “बोथ.”

थोरल्याने दोनदा म्हणून पाहिलं. भारदस्त वाटलं, मोठ्या कंपनीचं नाव असावं तसं. अर्थ विचारायचं राहूनच गेलं आणि लेकही आपणहून काही बोलली नाही. त्याने अक्षरं ठोकली, मग रस्ता ओलांडून पलीकडून सरळ बसलीत का ते पाहू लागला.

शिंपी दाराशी आला. पाटी वाचली. कालपासून पहिल्यांदाच त्याने थोरल्याकडे सरळ बघितलं.

“बोथ. म्हणजे दोघंही,” तो म्हणाला. “बरं केलंत हो. मला कालपासून घास गोड लागला नव्हता.”

थोरल्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो तसाच मागे फिरला. लेकीकडे न बघता त्याने खणातून जुनं कुलूप काढलं, हातातच दाबून बंद केलं आणि धाकट्याची किल्ली फिरवली. खट्कन उघडलं. नवं कुलूप त्याने खणात पार मागे ढकलून दिलं.

“काकाला ही किल्ली देऊन ये,” तो म्हणाला. “विसरून गेला होतास म्हणावं.”

लेकीने हात पुढे केला नाही.

“काका विसरला नव्हता, बाबा.”

थोरल्याने किल्ली मुठीत धरली आणि खाली वाकून चपला शोधू लागला. काउंटरखाली पाहिलं, स्टुलामागे पाहिलं. चपला पायातच होत्या.