मुलाखतीची तालीम

दुसरबीडच्या हायस्कुलात पहिल्यांदाच चार मुली मॅट्रिकपर्यंत टिकल्या होत्या, त्यामुळं महादेव मास्तरांना भारी हुरूप. ते त्यांच्याकडून नोकरीच्या मुलाखतीची तालीम करून घेत. एकदा मुलगी उमेदवार, एकदा तीच साहेब. नजर खाली नको, आवाज खणखणीत पाहिजे, आणि "काही विचारायचं आहे का?" असं म्हटल्यावर "नाही" म्हणून उठायचं नाही.

ही तालीम चालू होती त्याच आठवड्यात बीबी गावचे शेषराव मुलाला घेऊन त्या चौघींतल्या आशाला पाहायला आले. नाव, शिक्षण, स्वयंपाक, सगळं विचारून झालं. उठता उठता रीत म्हणून शेषराव म्हणाले, "तुले काई इचाराचं हाय का, पोरी?"

आशानं पदर सावरला आणि सरळ मुलाकडं पाहिलं. "शाळा मधातच काऊन सोडली?"

मुलानं बापाकडं पाहिलं.

"तिकडं नोका पाहू. इकडं पाहून सांगा."

मुलानं मान खाली घातली. आशाचे वडील उकंडराव सतरंजीवर बसल्या जागी थिजले.

"बरं," आशा म्हणाली, "या आता. आमी कळवतो."

दुसऱ्या दिवशी उकंडराव मास्तरांना जाब विचारायला तणतणत शाळेत गेले. तिथं शेषराव आधीच येऊन बसले होते, शेजारी मान खाली घातलेला मुलगा.

"मास्तर," शेषराव हात जोडून म्हणत होते, "पोरगी नाही म्हनाच्या आत याले बी चार दिवस बसवा तुमच्या वर्गात."