भंगार फोन

टिकेशनं एसटीच्या वेळा सांगणारं ॲप बनवलं. गावात सगळ्यांकडे स्वस्तातले फोन, म्हणून चाचणीसाठी तो अर्जुनीला लक्ष्मीचंदकाकांच्या दुकानात गेला. "काका, सगळ्यात भंगार फोन द्या. सारखा हँग झाला पाहिजे."

काका भडकले. पण कारण समजल्यावर त्यांनी एक नवाकोरा फोन काढला आणि शपथेवर सांगितलं, "याच्याहून रद्दी फोन जिल्ह्यात भेटणार नाही."

त्यावर ॲप सुसाट चाललं. टिकेशनं ते खुशीत गावभर वाटलं. बाकी सगळ्यांचे फोन अडकले, आणि ॲप उघडेपर्यंत टिकेशच्या मामाची बस निघून गेली.

टिकेश तणतणत दुकानात आला. "मले फसवलं तुमी! फोन चांगला निंगला!"

काकांनी मान खाली घातली.

 

"वॉरंटीत हाये, बाबू. ठेवून जा, बिघडवून देतो."