कानातलं कुलूप

अप्पांनी कानातलं मशीन काढून टेबलावर ठेवलं. "कान माझा, मशीन माझं आणि कुलूप कंपनीचं?" ते हसत म्हणाले. मशीनचा आवाज कमी पडत होता, पण तो वाढवायचं सॉफ्टवेअर कंपनीने आपल्या हाती ठेवलेलं आणि पुण्याच्या सेंटरची तारीख चार महिन्यांनंतरची. मिरजेत टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे त्यांचे जुने मित्र नदाफ ते कुलूप उघडून द्यायला तयार होते.

"तसं करणं गुन्हा आहे, अप्पा," त्यांच्या मुलीने, विभावरीने बजावलं. ती लॉ कॉलेजात ग्रंथपाल. तिने यावर बरंच वाचलं होतं. अप्पांनी विषय सोडून दिला. पुढे ती काहीही सांगू लागली की ते नुसती मान डोलवत. तारखेच्या तीन आठवडे आधी ते वारले.

महिन्याभराने तिने आपल्या देशाचा कॉपीराइट कायदा उघडला आणि सॉफ्टवेअरचं कुलूप तोडण्याबद्दलचं कलम पहिल्यांदाच नीट वाचलं. चोरून नक्कल करण्यासाठी कुलूप तोडणं हा गुन्हा होता. स्वतःला ऐकू यावं म्हणून उघडणं नव्हे. तिने आधी वाचलेले सगळे लेख परदेशातल्या कायद्याबद्दलचे होते.

तिने दुकानात जाऊन नदाफांना हे सांगितलं. त्यांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"दहा मिनिटांचं काम होतं गं. तू कॉलेजात गेल्यावर गुपचूप करून देतो, म्हणालो होतो मी त्याला."

"मग?"

"नको म्हणाला. म्हणे, माझी पोर वाचल्याशिवाय बोलत नाही."